हायपो की हायपर

रतन साळवेला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. घाटकोपरच्या आपल्या खोलीतही ती चहा उभ्यानंच प्यायची. नवरा गेल्यावर दहा वर्षं तिनं लोकांची धुणीभांडी केली आणि चाळिशीत आजारी माणसं सांभाळायचा कोर्स केला. शिक्षण आठवीपर्यंतचं. इंग्रजी शब्द आले की ती अडखळायची. त्यातही रक्तातल्या साखरेचे हायपो आणि हायपर. सुरुवात तीच, अर्थ उलटे. परीक्षेत तिनं नेमकं उलटं लिहिलं, तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून भाजी चिरतानाही ती पुटपुटायची, "पो म्हणजे पोकळ, कमी. पर म्हणजे जास्त." तरी मन खात्री देत नसे.

मुलुंडला चंद्रप्रकाशकाकांकडे ती रोज जायची. काका अठ्ठ्याहत्तरचे, मधुमेहाचे. एके सकाळी इन्सुलिन घेऊन त्यांनी नाश्ता तसाच ठेवला. अकराच्या सुमारास रतन पाहते तर काका घामानं निथळलेले, हात थरथरतायत आणि ऑफिसचा शर्ट चढवतायत.

"ट्रॉम्बेची बस चुकेल गं!"

निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती. रतननं बोटाला सुई टोचून शुगर पाहिली. सेहेचाळीस; निदान सत्तर तरी हवी होती. तिनं सून श्वेताला हाक मारली. श्वेता ऑफिसचा कॉल अर्धवट टाकून धावली आणि फ्रिजवरचा डॉक्टरांचा कागद काढून आणला.

"हे बघा मावशी, इन्सुलिन द्यायला लिहिलंय."

"ताई, ती ओळ हायपरची. हे हायपो आहे."

"नक्की ना?"

तिथंच तर घोडं अडत होतं. एवढी शिकलेली बाई विचारतेय म्हटल्यावर रतनचं डोकं रिकामं झालं. कागदावरची अक्षरं तिनं बोटानं चाचपली. एच, वाय, पी... ओ. मग पुन्हा मशीनवरचा आकडा पाहिला.

"साखर द्यायची."

"शुगरच्या पेशंटला साखर? वेड लागलंय का?"

"चुकले तर पोलीस बोलवा, ताई. पण आधी साखर."

काका गिळतायत ना, हे बघत तिनं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पुढची पंधरा मिनिटं ती दारापासून पलंगापर्यंत नुसती येरझाऱ्या घालत होती. मग शुगर निघाली अठ्ठ्याऐंशी.

"रतन, हा शर्ट मला कुणी घातला?" काकांनी विचारलं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "इन्सुलिन दिलं असतं तर जिवावर बेतलं असतं." रतनला बसवेना, म्हणून तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली. दुपारी श्वेतानं तो कागद ठळक अक्षरांत मराठीत लिहून काढला.

घरी आल्यावर मुलगी नीलम म्हणाली, "आई, तू त्यांना वाचवलंस ना? मग आता जेव की शांतपणे."

"अगं, ताईंनी विचारलं तेव्हा मला क्षणभर काहीच आठवत नव्हतं," रतन म्हणाली. ताटातला घास तसाच राहिला.

रविवारी ती कोर्सच्या सरांच्या घरी जाऊन थडकली. "सर, असे सारखे सुरू होणारे अजून किती शब्द आहेत? सगळे सांगा."

सरांनी अकरा जोड्या लिहून दिल्या. त्यातल्या चार आता तिला येतात.