सौंसरला काढलेली प्रिंट

छातीतली गाठ तपासायला मी नागपूरला एकटीच गेले होते. घरी सांगितलं, शाळेचं ट्रेनिंग आहे. आठवड्याने रिपोर्ट मोबाइलवर आला; मी तो उघडला नाही. डॉक्टरांना तो कागदावर हवा होता. पांढुर्ण्यात मी शिक्षिका. कुठल्याही दुकानात माझा एखादा जुना विद्यार्थी भेटतोच. म्हणून बसने सौंसरला गेले.

ऑनलाइन सेंटरवाल्याने स्वतःचा नंबर दिला. "यावर व्हॉट्सॲप करा, मॅडम." मी केला. त्याने कॉम्प्युटरवर उघडून प्रिंट काढली आणि पुढच्या माणसाचं आधारकार्ड हातात घेतलं. तिथेच उभी राहून मी वाचलं. कॅन्सर होता. परतीच्या बसमध्ये सातवीच्या वह्या तपासल्या. एकही चूक सुटली नाही.

चार दिवस कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी शाळेतून आले, तर नवरा कामावर न जाता घरीच बसलेला.

"तुले कॅन्सर आहे?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

सौंसरजवळच्या मोहगावला दिलेली माझी नणंद जातीचा दाखला काढायला त्याच सेंटरवर गेली होती. तिची फाइल शोधताना स्क्रीनवर तिला माझं नाव दिसलं. तिने माझी फाइल उघडायला लावली आणि रडत रडत भावाला फोन केला.

"मले काहून नाही सांगतलं?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी चहा ठेवला. तोवर माझ्या माहेरूनही फोन आला.

रविवारी मी परत सौंसरला गेले. "माझा रिपोर्ट डिलीट करा."

"करून राहिलो ना, मॅडम. तुमच्या नणंदबाई म्हणाल्या घरचंच आहे, म्हणून दाखवला." त्याच्या आवाजात खोट नव्हती. स्क्रीन भरून लोकांच्या फाइली होत्या: आधारकार्डं, मार्कशीटा, कोणा बाईची सोनोग्राफी.

"मोबाइलमधलाही काढा."

त्याने तोही काढला. मी थँक्यू म्हणून निघाले.

ऑपरेशन झालं. नणंद महिनाभर राहिली, मला आंघोळ घालायची, केस विंचरायची. आपलं काही चुकलं, असं तिला कधी वाटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. राग यायला हवा होता. आला नाही. नवऱ्याला मी स्वतः सांगितलं असतं तर कोणत्या शब्दांत, हे मात्र मला अजून सुचलेलं नाही.