वारसाचं नाव

माझे यजमान अंकुशनगरला नोकरीला होते. आयकराचं रिटर्न त्यांनी जन्मात कधी उशिरा भरलं नाही. ते गेले आणि त्यांचं शेवटचं रिटर्न वारस म्हणून माझ्यावर आलं. पण वारस म्हणून नोंद करून घ्यायचा माझा अर्जच फेटाळला गेला. वारसाच्या दाखल्यावर मी सुलोचना, पॅनकार्डावर कमल! लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, गावभर पेढे वाटले, पण कार्ड बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वकील म्हणाले, "दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार आणा. घरचा चालणार नाही."

मुदत तोंडावर आलेली. दीर म्हणाले, "वहिनी, दादा असल्यासारखं त्याच्याच नावानं जल्दी भरून टाकू. कोण बघून राह्यलंय?" मी चिडलेच. म्हटलं, "उभा जन्म सरळ वागलेल्या माणसाचा शेवट मी खोट्यानं करणार न्हाई."

माहेरी धावड्याला गेले. आईवडील केव्हाच गेलेले, घराला कुलूप, ओळखीचे पोटापाण्याला पांगलेले. परतताना पिंपळगाव रेणुकाईला उतरले. वर्षश्राद्धाआधी देवळात जायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. म्हणून बाहेर दुकानांपाशी बसले आणि खरं सांगते, रेणुकाआईशी कडाकडा भांडले. तूसुद्धा दाराबाहेरच ठेवलंस ना, म्हटलं.

"कमल का गं तू?"

मागच्या दुकानातली बांगडीवाली म्हातारी मला निरखत होती. लग्नानंतर त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती.

"तुझा हिरवा चुडा मीच भरला होता. किती रडून राह्यली होतीस! सुलोचना नाव ठेवलं त्याचा पेढा बी खाल्ला मी."

मी सगळं सांगितलं. मावशीनं दुकानावर चादर टाकली. "चल मंग. आईच्या दारात बसलेलीला रिकामं धाडत न्हाईत."

वकिलापुढे तिनं प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. पुन्हा केलेला अर्ज आठवड्यात मंजूर झाला आणि मुदतीच्या आत, वारस म्हणून माझ्या नावानं, मी स्वतः बटण दाबून रिटर्न भरलं. स्वीकारल्याचा मेसेज दिरांनीच मोठ्यानं वाचला. सासूबाई म्हणाल्या, "जिंकलीस बाई. आता माझ्या लेकाला कोण बोट दाखवंल?" मी हसत होते आणि डोळ्यांना धार लागली होती.

आत जाऊ दिलं असतं, तर पायांवर डोकं ठेवून मी तशीच घरी आले असते. आता आईला जाब विचारत नाही. ती बसवेल तिथं बसते.