हार घातलेली काठी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माधव वारला. सकाळचे सात वाजले होते. दुपारी आम्ही स्मशानातून परत आलो आणि मी त्याची गळाची काठी त्याच्या फोटोजवळ, भिंतीशी उभी केली.

तेराव्याला फोटोला चंदनाचा हार घातला, तसाच एक काठीच्या शेंड्यालाही. दिवाळीपर्यंत काठी वाकली. साताऱ्यातला आमचा सुतार म्हणाला, बांबू आहे, जोर लावला तर मोडेल. मुठीच्या वर डागून अक्षरं काढली होती : 'श्रावण, नंदनवन, नागपूर'. आमच्या लग्नाआधी माधव चार वर्षं नागपुरात नोकरीला होता. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी एकटीने प्रवास केला नव्हता. नोव्हेंबरचं आरक्षण केलं.

सात फुटांची काठी घेऊन रेल्वेत बसणं म्हणजे एक नातेवाईक सांभाळणंच. ती बाकाखाली मावेना. वरच्या बाकावर ठेवली, तर शेंडा वाटेत येई, आणि येणारा-जाणारा तिच्यापुढे मान लववून जाई. वर्धा मागे पडल्यावर खिडकीबाहेर कापूस फुटलेला दिसला. वेचणाऱ्या बायकांच्या कमरेच्या ओट्या टम्म फुगल्या होत्या.

नागपूरला उतरल्यावर रिक्षावाल्याने काठीकडे पाहिलं.

"काकू, पडदे लावाले चालल्या का?"

"नाही. ही मासे धरायची आहे."

"नंदनवनात? तिथं नळाले पाणी येत नाही, मासे कुठून येतीन?"

पत्ता तीनदा विचारावा लागला. चौथ्या गल्लीत एका घरावर पंचशीलाचा झेंडा होता, आणि ओसरीच्या छताला बांबूच बांबू आडवे टांगलेले होते. उभा एकही नव्हता. खाली बसलेले श्रावणजी सत्तरीचे असतील. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी काठी घेतली, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली.

"कोनं ठेवली अशी उभी?"

मी हाराचं सांगितलं. त्यांनी आत बायकोला हाक मारली. "शेवंता, ऐकून राहिली का? बाईनं काठीले हार घातला."

"त्याले हसता काहून?" आतून आवाज आला.

"हसू नाई तं काय करू? माणूस गेला, त्याचं वाईट वाटते. पण काठी कुठं मेली होती?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. माधव गेल्याचं कळूनही माझ्याशी दबक्या आवाजात न बोललेला, नऊ महिन्यांतला हा पहिलाच माणूस.

श्रावणजींनी मूठ चाचपली. सुती दोरा गुंडाळून वर लाख चढवलेली ती मूठ. तिच्यात एक खळगा पडला होता. "डाव्या हाताचा माणूस. उंच. अंगठा जोरात दाबे."

"आठवतात तुम्हाला ते?"

"माणूस नाई आठवत. हात इथं हाये ना."

मग त्यांनी सुतळीने माझं माप घेतलं, तळहातापासून कोपरापर्यंत. "चार बोटं कापावं लागन. मूठ नवी बांधतो."

"मूठ तशीच राहू द्या. नुसती सरळ करा."

"मंग धरन कोन?"

"कोणी नाही. घरात असू दे."

त्यांनी काठी परत माझ्या मांडीवर ठेवली. "भिंतीसाठी मी सरळ नाई करत. शेकलेला बांबू हाताले लागला नाई तं वर्षात पुन्हा वाकते. माह्या बापानं असं काम केलं नाई, मीबी नाई करत."

त्या खळग्यात मी रोज अंगठा ठेवत असे. माधवच्या हाताची तेवढीच खूण घरात होती. ती पुसू द्यायची, नाहीतर वाकलेली काठी घेऊन साताऱ्याला जायचं.

शेवंताबाईंनी तर्री पोहे (वर चण्याचा जाळ रस्सा ओतलेले) आणून दिले. दुसऱ्या घासाला नाक वाहू लागलं.

"रडता का तिखट लागलं?"

"दोन्ही."

"मंग अजून घ्या."

तेवढ्यात मौदा गावचे एक गिऱ्हाईक, रमेशभाऊ, आले. त्यांची काठी तयार होती, पण ती मिळत नव्हती. या घरची रीत अशी की, दोरीला गळाऐवजी एक लहान संत्रं बांधायचं, ओसरीवरून फेकायचं. गल्लीपलीकडच्या घमेल्यात पडलं तरच काठी न्यायची. रमेशभाऊंचा हा तिसरा रविवार. संत्रं शेजारच्या स्कूटरवर आपटलं.

"आता तं देऊन टाका, बाबाजी."

"कशी देऊ गा? गळ पाण्यात टाकशीन का लोकायच्या टोपीत?"

रमेशभाऊंनी वैतागून काठी माझ्यापुढे केली. "घ्या बाई, तुमी मारून पाहा. मले तं हे म्हातारं बुढं करून सोडन."

मी उठले. हात मागे नेला आणि जोरात पुढे आणला. संत्रं पुढे गेलंच नाही. ते मागच्या मागे माझ्याच पोह्यांच्या ताटलीत पडलं आणि तर्री शेवंताबाईंच्या लुगड्यावर उडाली. त्या खो खो हसू लागल्या, रमेशभाऊ हसत ओट्यावर बसले, आणि तिसरं हसणं माझं होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

"कापा," मी श्रावणजींना म्हणाले.

त्यांनी शेगडीत कोळसे फुलवले. दोरा उलगडत गेला तसा खळगा संपला. तो दोऱ्यातच होता, बांबूवर त्याचा मागमूस नव्हता. मी मान फिरवली नाही. मग करवत चालली. काठी निखाऱ्यांवर फिरवून, गुडघ्याशी हलकेच दाबून, ओल्या फडक्याने ते ती थंड करत. पुन्हा शेक, पुन्हा दाब. संध्याकाळपर्यंत ती सरळ झाली. लाख वाळायला रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी अकराव्या फेकीला संत्रं घमेल्यात पडलं. "आडवी टांगजा," श्रावणजी म्हणाले. "अन् हार माणसाले घालजा."

परतीच्या गाडीत काठी चार बोटं आखूड होती, तरी बाकाखाली मावली नाहीच. लोक पुन्हा मान लववून जात राहिले. एकाने विचारलं, कोणाची आहे? माझी, असं म्हणायला मला थोडा वेळ लागला.

आता मी रविवारी धरणावर जाते. आजवर दोन मासे मिळाले. माधव नाही. काठी आहे, आणि ती माझ्या हाताच्या मापाची आहे.