नाना आणि बापूंची खुर्ची

आमच्या वाचनालयात पुस्तकं बेताची, पण भांडणं भरपूर! सदाशिव पेठेतल्या चार पेन्शनरांमध्ये एक पेपर ठेवा, किस्से आपोआप साठतात. त्यातले नानांचे मी खास जपून ठेवलेत. मी शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, आता गप्प बसायचं म्हणजे कठीणच.

नाना आमचे अध्यक्ष. निवडून वगैरे आलेले नाहीत! खरे अध्यक्ष बापू. ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले आणि जाताना म्हणाले, "नाना, जरा किल्ली सांभाळा." नानांनी किल्लीबरोबर अध्यक्षपदही सांभाळलं. बापू काठी टेकत परत आले, तर हे बसल्या जागेवरून म्हणाले, "या, या! आता तुम्ही विश्रांती घ्या."

आमच्याकडे सभासद होताना प्रत्येकाने एक खुर्ची आणायची पद्धत आहे, पाठीवर आपलं नाव रंगवून. नाना बसले होते त्या खुर्चीवर ठळक अक्षरांत 'बापू' लिहिलेलं होतं. आणि बापू कडेच्या बाकावर! असा संताप आला म्हणून सांगू.

*

मग नानांनी नियम काढला: पंखा लावायला अध्यक्षांची परवानगी. आमच्यातल्याच एक सभासद कुसुमताई दुसऱ्या दिवशी घरून हातपंखा घेऊन आल्या.

नाना म्हणाले, "यालाही विचारावं लागेल."

"अहो, विचारते कशाला? घ्या, तुम्हीच घाला वारा!" म्हणत कुसुमताईंनी पंखा त्यांच्या हातात दिला आणि डोळे मिटून बसल्या.

*

दुपारी एक ते चार आम्ही सगळे घरी आडवे होतो. तेवढा वेळ हॉल स्पर्धा परीक्षेच्या मुलांना, ही बापूंनी पाडलेली पद्धत. यवतमाळची वैष्णवी त्यातलीच. एका खोलीत पाच मुली, अभ्यासाला दुसरी जागा नाही, आणि यंदा पास झाली नाही तर घरचे परत बोलावणार.

एकदा चारला आम्ही परत आलो, तेव्हा निघता निघता तिने मला विचारलं, "बाई, 'युसर्प'ला मराठीत काय म्हणते?"

"बळकावणे. म्हणजे हक्क नसताना सत्ता, पद, जागा ताब्यात घेणे. नुसतं घेणं वेगळं, मिळवणं वेगळं. बळकावण्यात खरा मालक बाजूला उभा असतो."

"एखादं उदाहरण?"

मी मान वळवून समोर पाहिलं. नानांनी पेपर खाली केला. "काय चाललंय?"

"शब्दार्थ!" मी म्हटलं.

*

नाना बिथरले. म्हणाले, "मी प्रभारी अध्यक्ष आहे!"

वैष्णवीने सरळ विचारलं, "काकाजी, प्रभारी किती दिवस राहते?"

झालं! दुसऱ्या दिवशी दाराबाहेर पाटी: 'दुपारी विद्यार्थ्यांना प्रवेश नाही.' पहारा करायला नाना स्वतः जेवून लगेच हजर. पोरगी बाहेर पायरीवर, उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन वाचत बसलेली! कुसुमताईंनी मला फोन केला, मी बापूंना केला.

*

तो दिवस पेठेत अजून सांगतात. भर दुपारी दोन वाजता आम्ही अकरा म्हातारे झोप मोडून वाचनालयात आलो! यावरूनच प्रकरण किती पेटलं होतं ते समजा.

कोणी भांडलं नाही. प्रत्येकाने आपापल्या नावाची खुर्ची उचलली आणि बाहेर अंगणात सावलीला मांडली. नानांच्या नावाचीही मीच उचलून आणली आणि वैष्णवीला म्हटलं, "बस गं."

आत नाना एकटे. "हे काय चालवलंय? अध्यक्ष मी आहे!"

"असा की!" कुसुमताई बाहेरून म्हणाल्या. "हॉल आहे, किल्ली आहे, पंखासुद्धा लावा आता!"

मग बापू काठी टेकत आत गेले. "नाना, जरा उठता का? ही माझी खुर्ची आहे."

नाना उठले. बापूंची खुर्ची मीच बाहेर आणली. मागोमाग नाना आले आणि आपलं नाव शोधत वैष्णवीपाशी येऊन थांबले.

तिने पुस्तकातून मानही वर केली नाही.

"दुपार आहे, काकाजी. चार वाजता खाली करते."