कन्व्हर्टर बसवताना

अर्धांगवायूतून उठल्यावर ह्यांनी पहिल्यांदाच गॅरेज उघडलं, तेव्हा मीही सोबत गेले. एका ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. त्यात कन्व्हर्टर, म्हणजे तेलाने भरलेला जड लोखंडी डबा, बसवायचा होता. तो फिरवत फिरवत आत ढकलायचा. आतल्या खाचा दिसत नाहीत; त्या जुळल्या की तो खट्कन सरकतो, ते हातालाच कळतं. अर्धवट बसला आणि तसेच बोल्ट आवळले, तर आतला पंप फुटतो.

डोळे मिटून हे डबा फिरवत होते. उजवा हात अजून जडच होता. माणूस हातांवर किती भरवसा टाकून जगतो! पोळी उलटताना, लेकराच्या कपाळाचा ताप बघताना आपण हाताला काही विचारत नाही, तो आपणहून सांगतो. त्याने सांगायचंच सोडलं तर?

खट् आवाज झाला आणि डबा आत गेला.

"बसला हो!" मी म्हणाले.

ह्यांनी डोळे उघडले. "आवाज आला मला," ते हळूच म्हणाले, "पण हाताला काहीच कळलं नाही गं."

मी त्यांचा उजवा हात घट्ट धरला. हे तरी कळतंय का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.