जलप्रलयात अडकलेली प्रार्थना: खडकी, धायरी, हडपसर

शांतवनमामाचं सामान येत्या शनिवारी खडकीहून हलणार, हे नक्की झालं आहे. बातमीला खुद्द टेम्पोवाल्याने दुजोरा दिला. त्याची तक्रार एवढीच की आधी त्याला धायरीचा पत्ता दिला आणि मग गेल्या शनिवारी संध्याकाळी फोन करून तो बदलला. "ताई, अजून एकदा बदलणार असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी दुसरं भाडं धरतो," तो म्हणाला. बदलणार नाही, असं मी सांगितलं आहे. पत्ता का बदलला, त्याचं हे प्रवासवर्णन.

या ब्लॉगवर आतापर्यंत स्पिती झालं, हंपी झालं, कोकण तर तीनदा झालं. यावेळचा प्रवास पुण्यात सुरू होतो आणि पुण्यातच संपतो. हसू नका. हडपसर, खडकी, धायरी आणि परत हडपसर, असं एका दिवसात दोन ज्येष्ठ ख्रिस्ती नागरिकांना गाडीत घेऊन करून बघा. नंतर स्पितीचा घाट तुम्हाला सोसायटीच्या पार्किंगचा उतार वाटेल.

आधी प्रवासी सांगते. शांतवनमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. उभा जन्म खडकीला डिफेन्सच्या नोकरीत आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये गेला. आता निवृत्त झाला, क्वार्टर सोडायचं आहे. मामी जाऊन काही वर्षं झाली. मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने तिथे बसून इंटरनेटवर धायरीचा एक फ्लॅट भाड्याने शोधून दिला. करुणामावशी ही आईची धाकटी बहीण, निवृत्त नर्स. तिचं हडपसरला स्वतःचं घर आहे, हडपसर खेडं होतं तेव्हा बांधलेलं. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. मागच्या खोलीत आयटीतल्या दोन मुली भाड्याने राहायच्या, त्याही कंपनीजवळ गेल्या.

म्हणजे भावाला घर हवं आहे आणि बहिणीकडे खोली रिकामी आहे. सोपं वाटतं ना? दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.

भांडण आमेनवरून झालं. मावशीच्या मुलीच्या लग्नात जेवणाआधीची प्रार्थना मामाकडे होती. आमच्यात अन्नावर आशीर्वाद मागितल्याशिवाय घास उचलत नाहीत, आणि मामाची प्रार्थना लांबते हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी त्याने थेट जगाच्या निर्मितीपासून सुरुवात केली. तो जलप्रलयापर्यंत पोचला तेव्हा बिर्याणीची झाकणं निघाली होती, पोरं रडत होती आणि केटरर मावशीकडे बघत होता. त्या प्रलयातून माणसं-जनावरं वाचवणारं तारू नुकतं पाण्यावर तरंगायला लागलं होतं. मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!" मागोमाग अख्खा हॉल "आमेन" म्हणाला. मामाने डोळे उघडले तेव्हा त्याच्यासमोर कुणीही नव्हतं. सगळे बिर्याणीसमोर होते.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी समेटाचा प्रयत्न केला. दोघांनीही एकच उत्तर दिलं: "मी क्षमा केली आहे, प्रभूला माहीत आहे. तिकडे कळवायची काय गरज?"

तेव्हापासून दोघांना एकमेकांशी काही बोलायचं असलं की ते देवाशी बोलतात. डोळे मिटून, मोठ्याने, आणि दुसरा ऐकण्याच्या अंतरावर असतानाच. नियम एक: दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणायचं नाही. आमेन म्हणजे 'तसंच होवो', म्हणजे मान्य. दोघांच्या वाटचं आमेन इतकी वर्षं मी म्हणत आले.

गेल्या शनिवारी फ्लॅट बघायला जायचं ठरलं. मामाला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. हे कळताच मावशीचा फोन: "मला पण धायरीला काम आहे."

"कसलं काम?"

"धायरीत गेल्यावर कळेल."

सकाळी तिला घ्यायला हडपसरला गेले. शनिवारी निघण्याचा फायदा असा की आयटीवाले झोपलेले असतात आणि सोलापूर रस्ता चक्क रस्त्यासारखा दिसतो. घरात बिर्याणीचा वास होता. मागच्या खोलीला ताजा पिवळा रंग लागला होता.

"मावशी, खोली कुणासाठी रंगवलीस?"

"भिंतींसाठी."

"आणि ही नवी गादी?"

"खाटेसाठी. अजून काही विचारायचंय, की निघायचं?"

पुलगेट, कॅम्प, संगम पूल करत खडकीला पोचलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा होता. मागच्या सीटवर मावशी दिसली तशी त्याने मान वळवून समोरच्या झाडाकडे पाहिलं, पुढे येऊन बसला आणि प्रवासाची प्रार्थना सुरू केली.

"हे स्वर्गीय पित्या, या गाडीला सांभाळ, हिच्या चारही चाकांना सांभाळ. गाडी चालवणाऱ्या या लेकराला सांभाळ, हिला परवाना कुणी दिला ते तुलाच ठाऊक. आणि जे न बोलावता आले आहेत त्यांनाही सुखरूप ने."

मागून लगेच आवाज आला. "बापा, मला गाडी चालवणाऱ्या सुषमाने बोलावलं आहे. आणि पुढे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नाही, हे तू वरून पाहतोच आहेस."

मामाने पट्टा लावला. मी दोघांना मिळून एक आमेन म्हटलं आणि गिअर टाकला.

वाकडेवाडीपर्यंत ठीक होतं. तिथे मोबाइलमधली बाई बोलायला लागली.

"ही कोण?" मामाने विचारलं.

"मॅप आहे, मामा. रस्ता सांगते."

"पुण्याची आहे?"

"नाही."

"मग तिला काय विचारतेस?"

शिवाजीनगरच्या सिग्नलला बाई म्हणाली उजवीकडे, मामा म्हणाला सरळ. वाद मिटवायला मामाने डोळे मिटले. "हे प्रभू, आम्हाला मार्ग दाखव, कारण या मुलीने तुला सोडून डबीतल्या बाईवर भरवसा ठेवला आहे..." आणि इथे मी लहानपणापासूनच्या सवयीने जे केलं ते करू नका. मीसुद्धा डोळे मिटले.

सिग्नल हिरवा झाला असावा, कारण मागे अर्धं पुणे हॉर्न वाजवू लागलं. काचेवर टकटक झाली. ट्रॅफिक हवालदार होता.

"मॅडम, झोप झाली का?"

"प्रार्थना चालू आहे," मामा एक डोळा उघडून म्हणाला.

"सिग्नलपण चालू आहे, साहेब. आमेन म्हणा आणि गाडी काढा."

मागून मावशी हळूच म्हणाली, "प्रभू, या भल्या माणसाला बढती दे." हवालदाराने पावती फाडली नाही. कशामुळे, ते मी सांगू शकत नाही.

दांडेकर पूल ओलांडून सिंहगड रस्त्याला लागलो की नाश्ता करून घ्या, पुढे वडगावपर्यंत गाडी हलेल की नाही याची खात्री नसते. आम्ही एका मिसळवाल्याकडे थांबलो. भिंतीवर पाटी: 'रस्सा परत मिळेल. टेबल परत मिळणार नाही.' तीन मिसळी आल्या. मामाने प्रार्थना केली. ती संपल्यावर मावशीने तिची वेगळी केली, कारण भावाच्या प्रार्थनेवर ती जेवत नाही. तर्री थंड पडून वर तेलाची साय धरली. मालक गल्ल्यावरून आला.

"आजोबा, मिसळीत काही पडलंय का?"

"आशीर्वाद मागतोय, अहो."

"मागा की. पण एकत्र मागा, मागे आठ माणसं उभी आहेत." मग तो आतल्या पोऱ्यावर ओरडला, "चार नंबरला रस्सा गरम करून दे रे, यांचा देवाने थंड केला!"

मामा हसला. मावशीही हसली. मग दुसरा हसतोय हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं आणि दोघांनी पाव उचलले. मिसळ झणझणीत होती. गरम असताना कशी लागते, ते तुम्ही जाऊन कळवा.

धायरी फाट्यावरून आत वळलं की जुन्या गावाच्या खुणा अधूनमधून दिसतात, एखादा गोठा, एखादं देऊळ, आणि त्यांच्या डोक्यावर उभे दहा-दहा मजले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने आमची नावं, गाडीचा नंबर आणि येण्याचं कारण लिहून घेतलं. मावशीने विचारलं, "पाणी येतं का हो इथे?"

"येतंय की," तो म्हणाला. "टँकर हाय."

एजंट पंचविशीतला, दोन मोबाइल बाळगणारा मुलगा होता. लिफ्टमध्येच त्याने सुरुवात केली. "अंकल, तुमच्या सनने एकदम बेस्ट चॉइस केलाय. फुल प्रायव्हसी. शेजारी कोण राहतं ते तुम्हाला वर्षभर कळणार नाही, गॅरंटी!"

"वर्षभर?" मामा म्हणाला.

"जास्तच, अंकल."

फ्लॅट छान होता, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या टाइल्स, मोठी बाल्कनी, लांबवर सिंहगडाची कड. मावशीला धायरीत काय काम होतं ते इथे कळलं. तिने प्रत्येक खोलीत जाऊन डोळे मिटले आणि वॉर्ड तपासणाऱ्या नर्ससारखा वर अहवाल दिला. "प्रभू, बाथरूमला खिडकी नाही, तू पाहतोसच." "प्रभू, या ओट्यावर वाकून उद्या कुणाची कंबर धरली तर हाक कुणाला मारायची?" एजंटने मला विचारलं, "आंटी ब्लूटूथवर आहेत का?"

मी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघत होते. त्यातून फक्त फुसफुस हवा आली. तेवढ्यात हॉलमधून मामाचा आवाज आला. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभा राहून तो प्रार्थना करत होता, आणि त्याचा प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून त्याच्याकडेच परत येत होता. इतकी छोटी प्रार्थना त्याने कधी केली नसेल. छप्पर मिळतंय त्याबद्दल आभार मानले आणि थांबला. आमच्यात प्रार्थना करणारा शेवटी जरा थांबतो, बाकीच्यांनी आमेन म्हणावं म्हणून. मामा थांबला. मी नळाच्या नादात होते. मावशी खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिच्या खांद्यांवरून दिसत होतं की तिने ऐकलंय.

एजंटने मोबाइलमधून मान वर केली. "ओके सर," तो म्हणाला.

मामा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरा आहे फ्लॅट. सोमवारी कळवतो."

परतीला कात्रजमार्गे कोंढव्याच्या रस्त्याने आलो. त्या रस्त्यावर खड्डे चुकवू नका, एक चुकवला की दोन लागतात. गाडी आपटत होती, टँकर अंगावर येत होते, मॅपवाली बाई सारखं परत वळा म्हणत होती, आणि गाडीत कुणी प्रार्थना करत नव्हतं. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल देवाकडे एकही तक्रार गेली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मला खरा अबोला ऐकू आला. सोमवारी मामा हो म्हणणार होता. मग तो धायरीत, ही हडपसरला, मधे सगळं पुणे आणि आमेन म्हणायला मीही नाही.

हडपसरला मावशी उतरली. दार उघडताना ती माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "सुषमा, जेवून जा. गाडीतल्या सगळ्यांनी."

मामाने उंबऱ्याशी बुटांच्या नाड्या सोडायला जेवढा वेळ लावला, तेवढ्या वेळात लोक बूट शिवतात. पण आत आला. टेबलावर तीन ताटं होती, मधे बिर्याणीचं पातेलं, झाकण घट्ट लावलेलं. मावशीने डोळे मिटले.

"बापा, या अन्नासाठी तुझे आभार. मी इथे रोज एकटी जेवते. प्रार्थना मी करते आणि आमेन पण मीच म्हणते. आपलाच पेपर आपणच तपासल्यासारखं वाटतं. मागची खोली रिकामी आहे. रंग दिलाय. बाथरूमला खिडकी आहे. कुणी राहायला आलं तर बरं होईल. लांबलचक प्रार्थना करणारं माणूस असलं तरी चालेल, मी बिर्याणी उशिरा उतरवीन. येशूच्या नावाने मागते."

आणि ती थांबली.

माझं आमेन सवयीने ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. पंखा फिरत होता. मी एक डोळा उघडून पाहिलं. मामाने दोन्ही डोळे घट्ट मिटले होते आणि त्याची हनुवटी हलत होती.

"आमेन," मामा म्हणाला.

मावशीने झाकण काढलं, वाढलं. मामाने पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"करुणे," तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

"प्रभूला सांग, दादा," मावशी म्हणाली आणि मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

घरी आले तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर मावशीचा रुमाल राहिलेला दिसला, घडी ओलसर होती. प्रवासाचा खर्च म्हणाल तर पेट्रोल, तीन मिसळी आणि कात्रजजवळ गेलेला एक शॉकअप. महाबळेश्वर याहून महाग पडतं. श्रद्धेने काय मिळतं, असं मला ऑफिसात कधीकधी विचारतात आणि मी विषय बदलते. यापुढे मी सांगेन की आपलं बोलणं संपलं की समोरून 'ओके सर'पेक्षा बरं काहीतरी ऐकू येतं. सध्या मला एवढंच कळलं आहे. मुलाला अमेरिकेत मामाने स्वतः कळवलं: "धायरीत प्रायव्हसी फार आहे."

शनिवारी सकाळी टेम्पो भरला जाईल. निघण्याआधी मामा छोटीशी प्रार्थना करणार आहे. तेव्हा डोळे उघडे ठेवायचे, असं मी टेम्पोवाल्याला बजावलं आहे. दुपारी नव्या खोलीची प्रार्थना होईल. मामाने विचारलं की लग्नातली अर्धवट राहिलेली तिथूनच पुढे सुरू केली तर चालेल का. मावशीने परवानगी दिली आहे, एका अटीवर: आधी जेवण, मग प्रार्थना. पाळकसाहेबांना निमंत्रण गेलं आहे आणि त्यांनी दुपारनंतरची सगळी कामं पुढे ढकलली आहेत. तारू संध्याकाळपर्यंत जमिनीला लागेल, असा अंदाज आहे.