गजरामावशीच्या गाण्यातली दुसरी बाई

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींच्या वाटेला जाणारी नाही. आमच्या घरात अमावास्येला नारळ फुटतो तो चटणीसाठी. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात उत्तरं देत बसते... वारा असेल, मांजर असेल, पित्त झालं असेल. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय. तेव्हा तुम्हीही मला तशीच उत्तरं द्या. चिडणार नाही, मला ती हवीच आहेत.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. त्याआधी ती माधवनगरला होती, वडील तिथल्या सूतगिरणीत होते. पण आईचं माहेर रहिमतपूरच्या बाजूचं, आणि ही गोष्ट तिकडूनच सुरू होते.

आई आणि तिची थोरली बहीण — माझी गजरामावशी — या दोघी हळदीची गाणी म्हणायच्या. त्या भागात एके काळी ‘गजरा-शालन’ आल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. मावशी पुढं गाणारी आणि आई झीलकरीण. म्हणजे मावशीनं ओळ म्हणायची, शेवटाला येऊन थांबायचं, आणि उरलेले शब्द आईनं उचलायचे. दोघींची ओळ मिळून एक व्हायची.

मी रांगत होते तेव्हा आईच्या गळ्याला गाठ झाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण गाठ आवाजाच्या नसेलाच धरून होती. तेव्हापासून आई बोलते ती घोगरं, कुजबुजल्यासारखं. फोनवर लोक तिला ‘हां दादा, बोला’ म्हणतात आणि ती निमूट फोन माझ्याकडे देते. तिचा गाता आवाज मी कधी ऐकलेला नाही. कुणी रेकॉर्डच केला नव्हता.

आईचा आवाज गेला तेव्हा मावशी तिच्या उशाशी बसून म्हणाली होती, “शालन न्हाई तर मी बी गानार न्हाई.” आणि खरंच ती नंतर कुणाच्या हळदीला गेली नाही. किती मोठमोठ्या घरची आमंत्रणं आली, तिनं परत पाठवली. आईनं आयुष्यभर हा शब्द एखाद्या दागिन्यासारखा जपला. कुणी तिच्या आवाजाबद्दल हळहळलं की ती एवढंच सांगायची, “माझ्यासाठनं आक्कानं गानं सोडलं.”

मावशी गेल्या वर्षी गेली. तिच्या दिवसांना आम्ही सगळे रहिमतपूरला जमलो होतो. मावशीचा मुलगा आनंदा फौजेतून रिटायर होऊन आलाय. त्यानं मावशीचा जुना मोबाईल काढला आणि म्हणाला, “ताई, एक चीज ऐक. आई दुपारची मागच्या खोलीत दार लावून काय करायची, ते मला आत्ता कळलं.”

मोबाईलमध्ये मावशीची गाणी होती. म्हातारपणी, एकटीनं म्हणून ठेवलेली. आवाज थकलेला, पण सूर जागच्या जागी. सगळ्यांचे डोळे भरून आले. आई मात्र उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

परत येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “मला म्हनाली शालन न्हाई तर मी बी न्हाई. आन घरात दार लावून एकलीच गात हुती. माझ्यावाचून तिचं काय बी अडलं न्हाई, वैशे.”

मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. मेलेल्या मानसावर कुटं रुसायचं.” पण रुसली होती. मावशीचा फोटो आनंदानं फ्रेम करून पाठवला, तो तिनं कपाटात ठेवला. दुसरं सगळं सोसलं असतं तिनं. हे एवढं एकच तिच्याजवळ होतं आणि तेच खोटं निघालं, असं तिला वाटत होतं.

आनंदाच्या आग्रहावरून मी ती गाणी साफ करून नेटवर टाकायची ठरवली. शाळेच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मीच करते, तेवढं मला येतं. आता माझी अक्कल ऐका. मावशी बहुतेक ओळींच्या शेवटाला थांबत होती आणि मग थेट पुढची ओळ घेत होती. मला वाटलं, वय झालं होतं, शब्द आठवत नसतील. ते लांबलचक थांबणं ऐकायला बरं वाटेना, म्हणून मी सगळं कापून टाकलं. शिवाय खाली टीप दिली — ‘वयोमानामुळे काही शब्द सुटले आहेत, श्रोत्यांनी समजून घ्यावे.’ झीलकरणीची मुलगी मी, पण झील कधी कानावर पडलीच नव्हती, तर तिची जागा कशी ओळखू येणार?

गाणी टाकली आणि लोकांचे अभिप्राय यायला लागले. आधी ‘वा’, ‘अप्रतिम’, हात जोडलेली चित्रं. मग लोणंदच्या एका बाईंनी लिहिलं, “माझ्या आत्याच्या हळदीला या दोघी आल्या होत्या. दोघींचे आवाज अजून तसेच आहेत.” मी मनात म्हटलं, बाईंना जुनं आठवतंय, दुसरं काय.

मग आनंदाच्या पलटणीतल्या एका जवानानं विचारलं, “मावशींच्या मागे ज्या गातात त्या कोण?” मग कुणी एक जाणकार आले. “दुसऱ्या बाईंचा आवाज जरा कमी ठेवायला हवा होता, मूळ गायिकेवर चढतो.” आता मात्र मी वैतागले. गाणारी एक, मोबाईल एक, दार बंद. हे लोक ऐकतायत तरी काय?

हेडफोन लावून सगळी गाणी पुन्हा ऐकली. एकच आवाज. नवऱ्याला ऐकवली, तो म्हणाला एकच बाई आहे. अर्थात त्याला दाराची बेलही ऐकू येत नाही, तेव्हा त्याची साक्ष मी धरत नाही. पण ऑफिसातल्या दोघींनाही एकच आवाज ऐकू आला. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ उमटते, तीही तपासली. मावशीच्या आवाजाशिवाय काही नाही.

आणि मग नागपूरच्या एका कॉलेजच्या मुलीचा अभिप्राय आला. लग्नातल्या गाण्यांवर तिचा काही प्रोजेक्ट होता, म्हणून तिनं ऐकून ऐकून शब्द उतरवले होते. तिनं लिहिलं होतं, “मॅडम, शब्द सुटलेत असं तुम्ही म्हणता, पण कुठेच सुटलेले नाहीत. मागच्या बाई प्रत्येक ओळ पूर्ण करतात.” खाली ओळी लिहिल्या होत्या. एक अशी...

मांडवाच्या दारी हळद वाटी कोन
नवरीची आत्या, संगं बहिनी दोन

यातलं ‘बहिनी दोन’ मावशीनं म्हटलेलंच नाही. ‘संगं’ म्हणून ती थांबली होती. बरं, हे अंदाजानं जुळवता येईल, यमक आहे. पण दुसरी ओळ होती —

थोरलीनं भिजवली हळद वाटीत
धाकलीनं गुपचूप फासली पाठीत

आणि पुढं तिनं लिहिलं होतं, “‘फासली पाठीत’ म्हणताना त्या बाईंना हसू आवरत नाही, ते फार गोड वाटतं.”

माझ्याकडच्या गाण्यात मावशी ‘गुपचूप’पाशी थांबते. हसू तर कुठंच नाही.

रविवार होता, दुपारची वेळ. आई हॉलमध्ये बसून शेंगा फोडत होती. मावशीचा विषय मी तिच्यापुढं काढत नसे, पण त्या दिवशी राहवलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, ‘फासली पाठीत’ असं काही होतं का गं तुमच्या गाण्यात?”

आईचा हात थांबला. “तुला कुनी सांगितलं?”

“असंच. होतं का?”

“आक्काच्या हळदीला म्या जुळवलं हुतं. तिच्या पाठीला मागनं हळद फासली आन चुलीम्होरं बसून म्हटलं. आमी दोगीच हुतो. दुसऱ्या कुटं कवाच गायलो न्हाई ते.” आणि मग हातातली शेंग परातीत टाकत, “म्हनताना मला लय हसू यायचं. आक्का चिडायची. तिनं म्हटलंय व्हय ते?”

“नाही. ती ‘गुपचूप’ म्हणते आणि थांबते. शब्द विसरली असेल...”

“थांबती?”

“हो. बऱ्याच ठिकाणी थांबलीय. मी ते सगळं कापलं.”

आईनं शेंगांची परात बाजूला सारली. माझ्याकडे असं बघितलं की मी लहान झाले. “कापलंस? आगं, ती माझी जागा हुती.”

मूळ गाणी माझ्याकडे होती. लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि लावलं. मावशीचा आवाज आला, ‘धाकलीनं गुपचूप...’ आणि मग शांतता. पण नीट ऐकल्यावर कळलं, ती नुसती शांतता नव्हती. बारीक किणकिण येत होती. मावशी हातातली बांगडी ताटाला लावून ठेका धरत होती. बरोबर तेवढे ठोके, जेवढ्यात एक झील बसेल. मग पुढची ओळ.

“बघ, माप धरलंय,” आई म्हणाली. “झीलकरीन आली न्हाई तर मानूस दुसरी बसवतं, न्हाईतर आपुनच सगळं म्हनून मोकळं व्हतं. आक्कानं जागा सोडलीया. माझ्यापुरती.”

मग ती रडली. दिवसांनाही रडली नव्हती, एवढी रडली. “एकली न्हाई गायली गं आक्का,” असं कितीदा तरी म्हणाली. मीही रडले, लपवत नाही.

गाणं संपलं तेव्हा तिनंच मला पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी मावशी ‘गुपचूप’वर थांबली आणि बांगडी वाजायला लागली, तशी आई त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाली, “फासली पाठीत.” आणि हसली. तोंडाला पदर लावून, अगदी पोरीसारखी हसली. मला त्या नागपूरच्या मुलीचं वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो.

त्याच आठवड्यात मी आधीची गाणी काढून मूळची, न कापलेली गाणी टाकली. टीपही काढली. वाटलं, आता लोक खूश होतील. तर तक्रारी सुरू. “मधे मधे गप्प का?” “आधीचं बरं होतं.” “मागच्या बाई का काढल्या?” नागपूरच्या मुलीनं तर ओशाळून लिहिलं, की तिनं डाउनलोड करून ठेवलेल्या जुन्या गाण्यातही आता एकच आवाज ऐकू येतो, कदाचित तिचाच काही गोंधळ झाला असेल. मी तिला उत्तर पाठवलं की तुझा गोंधळ नाही.

या सगळ्याचं काय करायचं, ते मला आजही समजलेलं नाही. ज्यांनी दोघींना पाहिलं होतं त्यांना आठवणीनं ऐकू आलं, हे मान्य. पण चुलीपुढं दोघींतच म्हटलेले ते दोन शब्द नागपूरला कसे पोचले? आणि गेलेल्या माणसाचा आवाज आला म्हणावं, तर ज्या आवाजाबद्दल लोक बोलत होते त्याची मालकीण माझ्या हॉलमध्ये शेंगा फोडत होती. सगळ्या परक्या लोकांनी माझ्या आईचा आवाज ऐकला, एका मला तेवढा आला नाही... याचं थोडं वाईट वाटतंच.

आईला म्हटलं तर ती म्हणते, “एवढी वर्सं दुपारची पडल्या पडल्या मी मनात झील म्हनायची. सवयच हुती ती.” तिला यात नवल काही वाटत नाही.

मावशीचा फोटो आता कपाटातून भिंतीवर आलाय. दुपारी जेवणं झाली की आई मला किंवा नातीला गाणी लावायला सांगते आणि प्रत्येक ओळीला आपली जागा घेते. शेजारचे विचारतात, आजींना खोकला झालाय का.

परवा लोणंदच्या त्या बाईंनी पुन्हा लिहिलं, “त्या दुसऱ्या बाईंना का काढलंत? त्यांना परत आणा.” मी आईला वाचून दाखवलं आणि विचारलं, काय उत्तर देऊ.

आई चष्मा पुसत होती. म्हणाली, “लिही, म्हनावं त्या आता घरी गातात.”